रोज सकाळी मान टाकणारा कॅमेरा: पॅन-टिल्टचं दुखणं कसं शोधायचं

"अहो, तुमचा कॅमेरा परत मान टाकून बसलाय की ओ!"

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या अण्णांचा हा फोन मला तीन महिन्यांत सहा-सात वेळा तरी आला असेल. वेळ ठरलेली, सकाळी आठच्या आसपास. रात्री गेटवर रोखून ठेवलेला कॅमेरा सकाळी गेटच्या पंचवीसेक मीटर अलीकडचा रस्ता दाखवत असायचा. गेट नाही, ट्रक नाही, नंबर प्लेट नाही, नुसतं डांबर. मी फोनवरच सांगायचो, "अण्णा, एकदा बंद करून चालू करा." ते करायचे, कॅमेरा एक गिरकी घेऊन जागेवर यायचा. दिवस निघायचा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत डांबर.

हे लिहायचं कारण म्हणजे अशी तक्रार मी नंतर आणखी तीन ठिकाणी पाहिली, आणि प्रत्येक ठिकाणी माझ्याआधी कुणीतरी कॅमेरा बदलून, रेकॉर्डर बदलून, नशिबाला दोष देऊन गेलेलं होतं. पहिल्या वेळी तो 'कुणीतरी' मीच होतो. फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) चढवलं, प्रीसेट (साठवून ठेवलेल्या नजरेच्या जागा) पुसून नव्याने भरले, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलला, एनव्हीआरही (रेकॉर्डर) दुसरा लावून पाहिला. सगळं चुकीच्या टोकाला.

आधी मांडणी सांगतो. नऊ मीटर उंचीवर, गच्चीच्या कठड्याला लावलेलं पॅन-टिल्ट हेड, म्हणजे कॅमेरा आडवा (पॅन) आणि वर-खाली (टिल्ट) फिरवणारं मोटरचं डोकं. त्याच्या डोक्यावर सपाट पट्टी, पट्टीवर तीन वस्तू: लांब झूम लेन्सचा कॅमेरा हाउसिंगसह (बाहेरच्या पेटीसह), शेजारी सुताच्या गोडाऊनवर उष्णतेची नजर ठेवणारा थर्मल सेन्सर, आणि रात्रीसाठी इन्फ्रारेड दिवा. टूर दोन जागांचा. एक गेट, १२० मीटरवर, म्हणजे जवळजवळ सरळ नजर. दुसरा थेट खालचा माल चढवायचा धक्का, म्हणजे ४० अंश खाली. प्रत्येक जागी १५ सेकंद थांबायचं आणि पुन्हा फिरायचं, रात्रंदिवस.

बंद-चालू केल्यावर बरं होतं, तिथंच फसगत होते

या वर्गातल्या बऱ्याच स्वस्त हेडमध्ये स्टेपर मोटर असते आणि ती पावलं मोजत चालते. वर इतकी पावलं, खाली इतकी पावलं. पाऊल खरंच पडलं का, हे बघायला तिच्याकडे डोळा नसतो. वजन जड झालं, मोटर जागच्या जागी थरथरली, तरी हिशोबाच्या वहीत पाऊल जमा झालेलंच असतं. चालू करताना मात्र हेड आपल्या टोकाच्या खुणेपर्यंत जाऊन शून्य पकडतं आणि वही कोरी करतं. त्यामुळं रीस्टार्ट केला की सगळं जागेवर, आणि आपण समजतो 'सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम होता'. रीस्टार्टने बरा होणारा आणि हळूहळू परत येणारा दोष दिसला, की मी आता पहिला संशय चुकलेल्या पावलांवर घेतो.

दुसरी खूण मला फार उशिरा दिसली, आणि ती सर्वात मोलाची आहे: कॅमेरा नेहमी *खालीच* सरकायचा. कधी वर नाही, कधी बाजूला नाही. सरकण्याची दिशा नीट बघितली तर निम्मं निदान जमिनीवर उभं राहूनच होतं. एकाच बाजूला, तीही खाली, थोडं थोडं साचत जात असेल तर वजनाचा तोल बिघडलाय. कधी इकडे कधी तिकडे, पण ठरावीक मर्यादेतच हलत असेल तर गिअरमध्ये ढिलाई आहे किंवा कपलिंगचा स्क्रू सुटलाय. चित्रातलं क्षितिजच तिरकं झालं असेल तर हेडला हात लावू नका, ब्रॅकेट किंवा खांब हललाय. आणि फक्त आडव्या दिशेत, तेही वळवाच्या वाऱ्यानंतर घडत असेल तर वारा.

अण्णांच्या कॅमेऱ्याने तीन महिने मला दिशा दाखवून सांगितलं, मी ऐकलं नाही.

फुली, काळी टेप आणि झाडूचा दांडा

मग एकदाचा सगळा दिवस काढून बसलो. गेटच्या खांबावर चुन्याची फुली मारली, कॅमेरा पूर्ण झूम करून फुली बरोबर मध्ये घेतली आणि तो प्रीसेट साठवला. १३५ मिलिमीटरची लेन्स आणि साधारण ५.४ मिलिमीटर रुंद सेन्सर असेल तर १२० मीटरवर चित्रात जेमतेम ४.८ मीटर रुंदी मावते. अशा अरुंद चित्रात एक अंशाची चूक म्हणजे २.१ मीटर. झूम न करता तपासणी केली तर काहीच चुकलेलं दिसत नाही. माझ्या आधीच्या फेऱ्यांत मी तेच करत होतो: रुंद चित्र बघून "ठीक आहे अण्णा" म्हणून खाली उतरत होतो.

दिवसा शंभर फेऱ्या केल्या. फुली जागेवर. सरकणं रात्रीचंच होतं, आणि रात्र पडायची वाट बघायला मला वेळ नव्हता. मग दिव्याच्या प्रकाश-सेन्सरवर काळी टेप चिकटवली. त्याला वाटलं रात्र झाली, दिवा लागला. पुन्हा शंभर फेऱ्या, तासभर. आता फुली फूटभर वर गेलेली दिसली, म्हणजे कॅमेरा तेवढा खाली आला होता. शंभर फेऱ्यांना फूटभर, म्हणजे सुमारे ०.१५ अंश. रात्रभरात हजारेक फेऱ्या. म्हणजे सकाळपर्यंत दीड अंश. गेटऐवजी डांबर का दिसायचं, तो हिशोब तिथंच जुळला.

मग मल्टिमीटर घेऊन वर. कार्यालयातून २४ व्होल्ट डीसी निघत होते, बरोबर होते. हेडच्या टर्मिनलवर, दिवसा, सगळं शांत असताना २२. दिवा लावून आणि टिल्ट उचलताना साडेसतरा. वायर सत्तर मीटरची, अर्धा चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन १४० मीटर तांब्याचा रोध सुमारे ५ ओहम होतो. सव्वा अँपिअरच्या वर प्रवाह गेला की सहा-साडेसहा व्होल्ट वायरच खाते. साडेसतरा व्होल्टवर कॅमेरा चालतो, दिवा थोडा मंद जळतो, कुणाला काही कळत नाही. फक्त मोटर अशक्त होते. (आपल्याकडे कॅमेऱ्याला 'थ्री प्लस वन' केबल, म्हणजे तीन बारीक तारा आणि एक चित्राची, सर्रास वापरतात, त्यातल्या पॉवरच्या तारा तर याहून बारीक असतात, आणि कित्येकदा तांब्याचा नुसता मुलामा असलेलं ॲल्युमिनियम. एका स्थिर कॅमेऱ्याला ते चालून जातं, मोटर असलेल्या हेडला नाही.)

इथं थांबून वायर बदलली असती तर निम्मंच काम झालं असतं. म्हणून आणखी एक चाचणी केली: दिवा जागेवर तसाच ठेवून त्याची वायर तेवढी सोडवली आणि पुन्हा शंभर फेऱ्या. सरक निम्म्याहून कमी झाली, पण संपली नाही. मग वायर सुटलेला तो दिवा हेडवरून खाली काढला. सरक जवळजवळ बंद. म्हणजे दोष दोन होते आणि एकमेकांच्या आड लपले होते: वीज कमी पडत होती, आणि ओझं जास्त होतं.

ओझं कसं जास्त? हेडवर '८ किलो' लिहिलेलं. सगळं सामान उतरवून पॅकिंगच्या काट्यावर ठेवलं: ६ किलो. अण्णा माझ्याकडं बघायलेत, मी काट्याकडं बघतोय. दोन किलोची सवड आहे, मग?

कारखान्यातून झाडू मागवला. झाडूचा दांडा टेबलावर आडवा ठेवून त्यावर तीनही वस्तूंसकट पट्टी ठेवली आणि पुढं-मागं सरकवत तोल सापडला तिथं खडूने रेघ मारली. ही रेघ पट्टी बसवायच्या भोकांपेक्षा ७ सेंटीमीटर पुढं होती. लांब लेन्स पुढं, हाउसिंगचं छप्पर पुढं, दिवाही पुढं. मग पट्टीसकट सगळं एका कडेवर उभं करून उंचीचा तोल पाहिला: टिल्टच्या अक्षापासून १२ सेंटीमीटर वर.

आठ किलो म्हणजे कुठले आठ किलो?

सोलापूरकराला हे समजवायला सोपं आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे ती उंच, जड काठी, पेलणारा बघा. ध्वज सरळ उभा असतो तेव्हा तो माणूस ताठ मानेने चालतो. तोच ध्वज हातभर झुकला की चार जण धावतात. ध्वजाचं वजन वाढलेलं नसतं, अंतर वाढलेलं असतं. मोटरला किलो पेलायचे नसतात, किलो गुणिले अंतर पेलायचं असतं.

माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात अट होती: ८ किलो, गुरुत्वमध्य अक्षापासून ५ सेंटीमीटरच्या आत असेल तर. म्हणजे ८ गुणिले ९.८ गुणिले ०.०५, साधारण ३.९ न्यूटन-मीटर. ही त्या मोटरची खरी ताकद. आमचं ६ किलो ७ सेंटीमीटर पुढं होतं, म्हणजे सरळ नजर असतानाच ४.१. मर्यादा तिथंच ओलांडली. आणि कॅमेरा ४० अंश खाली वाकला की वर असलेलं वजनही पुढं कलतं: ७ सेंटीमीटरचे साडेपाच राहतात, पण १२ सेंटीमीटर उंचीमुळं पावणेआठ त्यात मिळतात. एकूण तेरा. ६ गुणिले ९.८ गुणिले ०.१३ म्हणजे ७.६ न्यूटन-मीटर, कागदावरच्या जवळजवळ दुप्पट. धक्क्यावरून मान उचलून गेटकडे बघताना, दर फेरीला, मोटर एखाद-दुसरं पाऊल चुकत होती. वर येताना चुकायची, खाली जाताना वजनच मदत करायचं. म्हणून सरक खालीच.

काय केलं

सगळ्यात आधी दिवा हेडवरून काढून वेगळ्या ब्रॅकेटवर, गेटकडे तोंड करून कायमचा बसवला. धक्क्यावर तसाही रात्रभर ट्यूबलाइट असते. दिव्याला फिरायची गरजच नव्हती. मग फॅब्रिकेशनवाल्याकडून लांबट खाचांची नवी पट्टी करून घेतली आणि हाउसिंग मागं सरकवून खडूची रेघ अक्षावर आणली. पॉवरसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी वायर ओढली. वायरीतली घट साडेसहावरून सव्वा-दीड व्होल्टवर आली. टूरमधला थांबा १५ सेकंदांवरून मिनिटावर नेला. १५ सेकंदांचा थांबा म्हणजे दिवसाला पाचेक हजार हालचाली, आणि त्यातून मिळत काही नव्हतं. गोडाऊनच्या तापमानात १५ सेकंदांत असं काय घडणार आहे?

एवढ्यावर सरक रात्रीला दीड अंशावरून पाव अंशाच्या आत आली. अण्णांचे फोन बंद झाले. पण पाव अंश म्हणजे गेटवर अर्धा मीटर, आणि नंबर प्लेट वाचायची असेल तर तेवढं पुरत नाही. पट्टीची उंची काही कमी होत नव्हती. म्हणून शेवटी हेड बदललंच: दोन्ही बाजूंना हात असलेलं, एका हाताला कॅमेरा, दुसऱ्याला थर्मल सेन्सर. यात वजन अक्षाच्या *वर* न बसता अक्षाच्या रेषेतच येतं, त्यामुळं वाकलं तरी कलंडत नाही. आणि एन्कोडर असलेलं, म्हणजे पाऊल पडलं की नाही हे बघणारं. प्रत्येक वेळी त्याच जागी परत येण्यातली चूक ०.१ अंश, १२० मीटरवर २१ सेंटीमीटर. चुन्याची फुली अजून खांबावर आहे, जाता-येता बघतो.

माझं मत: अशा तक्रारींतल्या निम्म्या तर पट्टी सरकवून आणि वायर जाड करून मिटतात. दुकानदार हे सांगणार नाही, कारण त्यात विकायला काही नाही.

तसंच दिसणारे, पण वेगळे दोष

कॅमेरा आपोआप फिरतच राहतो, थांबत नाही: हे वजनाचं नाही, संदेशाचं आहे. हेडला हुकूम द्यायच्या पेल्को-डी पद्धतीत 'फिर' म्हटलं की हेड 'थांब' येईपर्यंत फिरतं. 'थांब' वाटेत हरवला की गिरक्या चालू. हे हुकूम नेणारी आरएस-४८५ ची वायर एका हेडवरून दुसऱ्यावर अशी साखळीने न्यावी, चांदणीसारखे फाटे फोडू नयेत, आणि साखळीच्या टोकांना १२० ओहमचा रोध लावावा. एका कारखान्यात चार हेडना एकाच डबीतून चार फाटे काढलेले होते. साखळी केली, भूत उतरलं. हेड अजिबात दाद देत नसेल तर आधी ए आणि बी तारा उलट्या लागल्यात का बघा, मग हेडचा पत्ता (क्रमांक), मग बॉड रेट (संदेशाचा वेग). नेटवर्क केबलवर चालणाऱ्या आयपी हेडला हा वायरिंगचा त्रास नाही.

ठरावीक कोनात आलं की चित्र जातं: सतत ३६० अंश फिरणाऱ्या हेडमधली स्लिप रिंग (फिरत्या भागाशी वीज आणि चित्र जोडून ठेवणारी कडी) झिजली आहे. मर्यादित फिरणाऱ्या हेडमध्ये असं झालं तर आतली वायर पिळ खाऊन तुटत आली आहे.

झूम केल्यावर चित्र थरथरतं, कारखाना बंद असताना नाही: यंत्रमागाच्या शेडच्या भिंतीवर ब्रॅकेट लावलाय. शटलचे माग भिंत हलवतात हे आपल्या पूर्व भागात कुणाला सांगायला नको. कॉलम किंवा वेगळा खांब शोधा. खांबही बारीक पाइपचा उंच केला तर वाऱ्यात डुलतोच.

हालचाल महिन्या-महिन्याने जड होत जाते: सील उघडून बघा. कापसाचे तंतू ग्रीसमध्ये बसून त्याची वातीसारखी गुंडाळी होते. मी एका हेडमधून चिमटीत मावेल एवढी गुंडाळी काढली आहे, काळी, तेलकट, निरांजनात लावावी अशी. आयपी६६ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) असूनही हे होतं, कारण केबल आत जाते तिथली ग्लँड कुणीच नीट आवळत नाही.

नवीन घेताना मी काय विचारतो

किलो विचारत नाही. टिल्टची ताकद न्यूटन-मीटरमध्ये किती, आणि कुठल्या अंतरावर मोजलेली. उत्तर आलं नाही तर ते हेड घेत नाही. मग एन्कोडर आहे का. मग परत येण्यातली चूक किती अंश, आणि ती माझ्या अंतरावर किती सेंटीमीटर होते हे तिथंच कागदावर काढतो.

वारा धरायला विसरू नका. मे महिन्यात वळीव येतो तेव्हा ताशी ७० किलोमीटरचा झोत ४५ बाय २० सेंटीमीटरच्या हाउसिंगला बाजूने अडीच किलोचा धक्का देतो. आपल्या ४३-४४ अंशांच्या उन्हात हाउसिंगवर छप्पर हवंच, पण छप्पर म्हणजे शिडाचं कापडही. म्हणून हिशोबात आलेल्या ओझ्याच्या दीडपट ताकदीखाली मी जात नाही.

पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच येणाऱ्या विजेवर) चालवायचं असेल तर आकडे उपकरणापाशी मिळणारे धरा: १५.४ वॉटच्या पोर्टमधून पोचतात १२.९५, ३० मधून २५.५, ६० मधून ५१, ९० मधून ७१.३. दिवा आणि मोटर दोन्ही असतील तर पहिला पर्याय सरळ विसरा.

आणि सगळ्यात आधीचा प्रश्न, जो अण्णांना मी सुरुवातीलाच विचारायला हवा होता: फिरणारं हवंय कशाला? टूरवरचा कॅमेरा गेटकडे बघतो तेव्हा धक्का मोकळा असतो आणि धक्क्याकडे बघतो तेव्हा गेट. नंबर प्लेटसाठी गेटपाशी एक स्थिर कॅमेरा लावला असता तर या लेखातलं निम्मं रामायण घडलंच नसतं. पॅन-टिल्ट लागतं ते थर्मल सेन्सरला मोठं आवार झाडून काढायचं असेल तिथं, किंवा समोर बसून तो फिरवणारा माणूस असेल तिथं. आता अण्णांच्या गेटवर स्थिर कॅमेरा लागलाय, आणि दोन हातांचं हेड फक्त गोडाऊन आणि धक्का बघतं.

परवा त्यांचा पुन्हा सकाळी आठला फोन. पोटात गोळाच आला. "अहो, त्या थर्मलच्या टोपीवर पारवा बसायलाय रोज, चित्रात नुसती लाल शेपटी दिसायलीय." छपरावर बारीक तारेचे काटे लावून आलो.